एक हजार चोवीस पत्ते

वहिनी खांबावर चढल्या की गल्ली अजूनही माना वर करून बघायची. नवरा गेल्यापासून त्याची छोटी इंटरनेट कंपनी त्या एकट्याच चालवत होत्या. पंधरा वर्षं झाली, तरी लोकांचं बघणं काही संपेना.

कंपनीकडे मोलाची वस्तू एकच, इंटरनेटचे एक हजार चोवीस पत्ते. जोडणीला आकड्यांचा पत्ता लागतो आणि जुन्या पद्धतीचे पत्ते आता नव्याने मिळत नाहीत. त्यामुळे दलालांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. एकाने धाकट्या दिराला गाठलं. दादाच्या मागे सगळं आपलंच, अशा थाटात या पठ्ठ्याने पत्ते विकायच्या अर्जावर सही ठोकली. वर पत्ते नुसते पडून आहेत असंही लिहून दिलं. पत्ते गेले असते तर गिऱ्हाइकं मोठ्या कंपनीच्या दारात आणि वहिनी घरात बसल्या असत्या.

पण नियमाप्रमाणे नोंदीतल्या जबाबदार व्यक्तीची संमती लागते. मूळ अर्ज भरला त्या दिवशी नवरा खांबावर होता, म्हणून त्या रकान्यात बायकोचं नाव पडलेलं. दिराला याचा पत्ताच नव्हता.

इंटरनेट पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयातल्या बाईंनी दोघांना व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि पत्ते वापरात असल्याचा पुरावा मागितला. वहिनींनी वही कॅमेऱ्यासमोर धरली. प्रत्येक पत्त्यापुढे गिऱ्हाईक होतं, पण कसं? 'दातांचा डॉक्टर', 'शिंप्याचा थोरला', 'तिसऱ्या मजल्यावरची भांडखोर'. दीर खो खो हसला.

वहिनी चिडल्या. कुठलाही पत्ता सांगा, आत्ता फोन लावते, म्हणाल्या. बाईंनी नेमका भांडखोर बाईंचा निवडला. फोन उचलताच त्यांनी, कालपासून इंटरनेट रखडतंय म्हणून वहिनींची सगळ्यांदेखत बिनपाण्याने केली. पुरावा याहून भक्कम काय असणार?

आता दीर काकुळतीला आला. दलालाला शब्द दिलाय, निम्मे तरी सोडा, म्हणू लागला.

"भावजी, एकही नाही," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी नकार नोंदवला आणि वहिनींचं कंपनीतलं पद विचारलं. तो रकाना इतकी वर्षं कोराच होता.

"त्या मदत करतात," दीर म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मालक," त्या म्हणाल्या. "मालक लिहा."