नागतळ खुर्दचं कोरं पान

पंडितला काळजी करायला कारण लागत नसे. पेन सापडलं नाही तरी तो सगळं कपाट उपसायचा. आई म्हणायची, "आरं बाबा, तुजा जीव हाय का चिमनी?" पाटोद्याच्या अलीकडं एका छोट्या दूध संस्थेत तो तेरा वर्षं कारकून होता. संस्थेतला एकुलता एक कॉम्प्युटर त्याच्याच जिवावर चालायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पेनड्राइव्हमधून त्यात सारखे व्हायरस शिरायचे. वैतागून त्यानं बीडच्या एका दुकानदाराकडून सहसा व्हायरस न लागणारी लिनक्स प्रणाली टाकून घेतली आणि एकेक कमांड घाबरत घाबरत, पण हट्टानं स्वतःच शिकला.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली. नऊ गावांची सातशेवर जनावरं दावणीला आली. रोज सकाळी गावागणिक यादी फळ्यावर लागायची. यादीत नाव असेल त्याच्या जनावराला चारा, नसेल त्याला नाही. इतका साधा, इतका निर्दय कायदा.

या याद्यांसाठी पंडितनं एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडची जंत्री, लिहिली होती. गावाचं नाव व्हेरिएबल नावाच्या एका कप्प्यात घ्यायचं, ते ऑक नावाच्या प्रोग्रामच्या हाती द्यायचं आणि ऑकनं सगळी फाईल चाळून तेवढ्याच गावचे मालक नि जनावरं वेगळी काढायची. दोन महिने काही कुरकुर नव्हती. मधूनच येणारे चुकांचे संदेश बघून याची छाती धडधडायची, म्हणून ते पडद्यावर दिसूच नयेत अशी तजवीजही त्यानं करून ठेवली होती. आता काय म्हणावं या माणसाला! राखणीचं कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधायचं का?

मंगळवारी छावणी तपासायला तहसीलचे साहेब आले. याद्या चाळता चाळता एका पानावर थांबले. "हे नुसतं नागतळ म्हणजे कुठलं? सातबाऱ्यावर जसं आहे तसं लिहा. उद्या अकराला मोजणी करतो. जे जनावर यादीत असून जागेवर नसेल, ते कायमचं कमी होईल."

आता नागतळला त्या मुलखात 'खुर्द' कोणीच म्हणत नसे. बायका म्हणायच्या धाकलं नागतळ, एसटीचा कंडक्टर म्हणायचा नागतळ. बाकीची आठही गावं एकाच शब्दाची. पंडितनं बुधवारी पहाटे मुकाट्यानं फाईलमध्ये सगळीकडं नागतळ खुर्द केलं, याद्या छापल्या, शिपाई धुळाजीच्या हाती दिल्या आणि मोजणीचे कागद जुळवायला बसला. साहेबांच्या धाकानं पानं उलटून बघायचंही त्याला सुचलं नाही.

पावणेदहाला धुळाजी दारात आला. "पंडितराव, नागतळकर का गेले हो?"

"कुठं गेले?"

"जनावरं सोडून घिऊन गेले की समदे. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

पंडित धावतच फळ्यापाशी गेला. नववं पान नीट चिकटवलेलं होतं. वर ठळक अक्षरात 'नागतळ खुर्द' आणि खाली कोरा कागद. एकेचाळीस जनावरांपैकी शेपूटसुद्धा नाही!

तो परत कॉम्प्युटरपुढं बसला. लपवलेले संदेश त्यानं आधी उघडे केले, आणि पहिल्याच ओळीत त्याची चूक त्याच्याकडं बघत होती. स्क्रिप्टमध्ये गावाचं व्हेरिएबल त्यानं अवतरणचिन्हांविना, तसंच उघडं दिलं होतं. मधे मोकळी जागा दिसली की कमांड वाचणारा शेल तिथं नाव तोडतो. 'नागतळ' तेवढं गावाचं नाव म्हणून ऑककडं गेलं आणि 'खुर्द'लाच ऑकनं करायचं काम समजून घेतलं. खरं काम राहिलं बाजूला. ते फाईलचं नाव समजून तो शोधत बसला. एकशब्दी गावांना कधी धक्का लागला नाही, म्हणून चूक दोन महिने गप पडून होती. व्हेरिएबलच्या दोन्ही अंगांनी चिन्हं घातली, स्क्रिप्ट चालवली. एकेचाळीस जनावरं खाडकन पानावर आली.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पान खिशात कोंबून त्यानं मोटारसायकलला किक मारली. अर्ध्या रस्त्यात माणसं गाठली तर बरं, नाहीतर एकेचाळीस दावी रिकामी दिसणार, आणि मग चारा बंद तो बंदच. पाऊस अजून लांब होता. 'मेलो रे मेलो,' असं तो मोठ्यानं म्हणत होता, आणि मरणार आपण नाही, ती जनावरं, हे कळून त्याला अधिकच भरून येत होतं.

कोरड्या ओढ्याच्या पुलावर ती सगळी सापडली. कडूबाईची गाभण गाय रस्त्यातच बसली होती आणि तिला उठवायला चौघं जण खपत होते. कडूबाई सत्तरीची, एकटी. तिच्या घरात ती गाय सोडून दुसरं कोणी नव्हतं.

"मागं फिरा! यादीत नावं हायती तुमची!" पंडित ओरडला.

कोणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, "कशाला चेष्टा करता, पंडितराव? पोरीनं वाचून दावलं. काल सायेब येऊन गेले, आज पान कोरं. त्याच्यात काय समजायचं ऱ्हातंय?"

"मंग विचारायचं तरी व्हतं मला!"

"काय इचारायचं?"

पंडितनं पान उलगडून नावं वाचायला सुरुवात केली. एकेक नाव येईल तसा माणूस पुढं सरकायचा. शेवटी कडूबाईचं नाव आलं. तिनं गाईच्या पाठीवर थाप मारली, चौघांनी खांदा दिला आणि गाय कशीबशी उठली. अकराला चार मिनिटं कमी असताना शेवटचं वासरू दावणीला लागलं. साहेबांनी एकेक जनावर मोजलं. एकेचाळीस भरली.

साहेब गेल्यावर अध्यक्ष मोहनराव सगळ्यांपुढं म्हणाले, "पंडितनं धावपळ केली म्हणून तुमची नावं लागली बरं का!" नागतळकरांनी हात जोडले. कडूबाई तर त्याच्या पायाकडं वाकायला लागली.

तिला वरच्यावर धरताना पंडितला रडूच आलं. "न्हाई मावशी, पाया पडू नका. नावं लावली-बिवली न्हाईत म्या. माज्याच हातून गेलती. सायबानं काय केलं न्हाई, सरकारानं न्हाई. माजी चूक व्हती."

कडूबाई सरळ उभी राहिली.

"तुमची व्हती?" ती म्हणाली. "आन् आमी वाटंनं समदे हेच म्हनत हुतो, की आपलं काय चुकलं आसंल!"