रिकाम्या दुकानांची आरास

देओलिंदा सिल्वेइरा दुकानातल्या पुतळ्यांना कपडे चढवताना त्यांच्याशी बोलायची. "हात वर कर जरा. असं पोक काढून उभं राहायला कुणी शिकवलं तुला?" रस्त्यावरच्यांना काचेमागे नुसते तिचे ओठ हलताना दिसायचे. माझी बेकरी समोरच्याच फुटपाथवर. पाव भट्टीत ढकलला की मी दारात येऊन तो मूकपट बघत बसायचो.

तिचे आईवडील अझोर्स बेटांवरून टॅलबर्टला आले ते दुसऱ्यांच्या गाईंच्या धारा काढायला. माझेही तसेच आले. आमच्या पोर्तुगीज लोकांत त्यामुळे सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. देओलिंदाला अर्धं गाव तीया म्हणायचं, म्हणजे मावशी. मीही म्हणायचो. ती शाळा संपवून मेन स्ट्रीटवरच्या गॅरिसन्समध्ये लागली. तीन मजली दुकान. लग्नाच्या पोशाखापासून द्राक्ष खुडायच्या सुरीपर्यंत सगळं एका छपराखाली. पहिल्यांदा ती मोजे विकायची. एकदा खिडकी सजवणारा माणूस आजारी पडला म्हणून तिला काचेमागे चढवलं, ती पुन्हा खाली उतरलीच नाही. नाताळच्या आधी ती काचांना आतून कागद चिकटवून काम करायची, आणि कागद निघायच्या संध्याकाळी मळ्यामळ्यांतून गाड्या भरून माणसं यायची. नवरा उर्बानो तरुणपणीच ट्रॅक्टरखाली सापडून गेला. मूलबाळ नव्हतं. काचेमागचं जगच तिचं घर झालं म्हणा ना.

पुढे हायवेला मोठी दुकानं आली आणि मेन स्ट्रीटचे दिवे एकेक करून विझले. गॅरिसन्स गेलं, कोहलरचं बुटांचं दुकान गेलं, सिनेमा गेला. देओलिंदा घरी बसली. मला वाटलं, आता ही खचणार. पण तेवढ्यात नगरपालिकेला जाग आली. लॉस एंजेलिसची माणसं म्हणे शनिवार-रविवारी शेतीच्या गावांमधले जुने बाजार बघत हिंडतात, विटांच्या इमारतींचे फोटो काढतात, जेवतात, राहतात. आपल्याकडेही विटा आहेतच की! मग विटा धुतल्या, जुन्या घाटाचे दिव्याचे खांब आले, दर शनिवारी सकाळी जुन्या बाजाराची फेरी सुरू झाली. फक्त दाखवायला दुकानं नव्हती. रिकाम्या काचा पाहून पाहुणे लवकर गाडीत बसायचे.

जुन्या बाजारासाठी नेमलेल्या समितीची मुख्य पॅट्रिशिया लुंडक्विस्ट देओलिंदाला घेऊन माझ्याकडे कॉफी प्यायला आली.

"दुकानं चालू असल्यासारखी दिसली पाहिजेत," ती म्हणाली. "जुन्या वस्तू आम्ही देऊ. आरास तुम्ही करायची."

"आणि कुणाला आत येऊन काही घ्यावंसं वाटलं तर?" देओलिंदानं विचारलं.

"दारं बंदच राहतील."

"म्हणजे प्रेताला पावडर लावायची," देओलिंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मनुएल, असा काय बघतोस? मी नाही म्हणाले नाहीये."

नाही म्हणणं तिला शक्यच नव्हतं. महिन्याभरात तिनं रस्ता असा उभा केला की मला गलबलून आलं. गॅरिसन्सच्या काचेत पुन्हा नवरी उभी राहिली. कोहलरच्या खिडकीत तिनं बुटांचे जोड मांडले, मापं घ्यायची लाकडी पट्टी ठेवली, कागदाची द्राक्षवेल सोडली. पाहुणे काचेला नाक लावायचे. एकदोघं दाराची मूठ हलवून बघायचे आणि हसत पुढे जायचे.

त्याच उन्हाळ्यात ब्रिस्टल हॉटेलच्या वरच्या खोल्या रिकाम्या केल्या. तिथं वर्षानुवर्षं एकटे म्हातारे मजूर राहत, एका खोलीत एक खाट आणि एक शेगडी. हॉटेल पहिल्यासारखं करायचं होतं, पाहुण्यांना उतरायला. म्हातारे कुठं गेले ते कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, आणि ते रोज माझ्याकडून पाव नेणारे.

त्यांतला एक सेफेरिनो ओरोस्को. सीमेपलीकडच्या मिचोआकानचा. त्याचं सगळं आयुष्य आमच्या द्राक्षांच्या आणि बदामाच्या छाटणीत गेलं होतं. गुडघे संपले होते, पण कात्री हातात आली की तरुण पोरांना मागे टाकायचा. देओलिंदाला तो सापडला नोव्हेंबरात. ती कोहलरच्या मागच्या दारानं आत शिरली, तर तो बुटांच्या रिकाम्या खोक्यांवर निजलेला. मागच्या दाराची कडी खिळखिळी होती.

"मी घाबरले नाही," तिनं मला नंतर सांगितलं. "तोच घाबरला. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणतो कसा, 'दोन्या,' म्हणजे बाईसाहेब, 'मी बुटांना हात लावलेला नाही.'"

तिनं त्याला बाहेर काढलं नाही. उलट कडी दुरुस्त केली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. सकाळी उजाडायच्या आत निघायचं, अंधार पडल्यावर यायचं, एवढीच अट. मला कळलं ते ती माझ्याकडून रोज एक पाव जास्त न्यायला लागली तेव्हा.

"तीया, तुझा आहार वाढला की काय?"

"गप्प बस. वय झालंय, भूक लागते."

"आणि सोबत बटाट्याचं सूप पण? डब्यात?"

तिनं माझा कान धरला, खरोखर धरला, आणि हळूच सगळं सांगितलं. "कुणाला बोललास तर चर्चमध्ये तुझ्याशेजारी बसणार नाही."

मी नाही बोललो कुणाला. अंधार पडल्यावर बेकरी बंद करून मी कोहलरच्या मागच्या बोळातून निघालो की त्या दोघांचं बोलणं कानावर पडायचं. दोघांचं कधी पटायचं नाही. त्याला तिची कागदी वेल पसंत नव्हती.

"दोन्या, अशी छाटली तर पुढच्या वर्षी एक घड लागणार नाही."

"कागदाची आहे रे बाबा!"

"कागदाची असली म्हणून काय झालं? बघणाऱ्याला कळतं ना."

आणि दुसऱ्या दिवशी ती वेल त्यानं सांगितली तशी बांधलेली असायची.

डिसेंबरात धुकं उतरलं. आमच्या खोऱ्यातलं धुकं म्हणजे आठवडा-आठवडा सूर्य नाही. थंडी हाडात बसते आणि उठत नाही. दुकानात वीज होती ती फक्त खिडकीतल्या दिव्यांपुरती, आणि ते दिवे नगरपालिकेच्या कळीवर लागायचे-विझायचे. सेफेरिनो मेणबत्ती लावायचा, तर तिचा उजेड बुटांमागून बाहेर दिसायचा. म्हणून देओलिंदानं बंद पडलेल्या सिनेमातला मखमली पडदा मागून आणला आणि आराशीच्या पाठीमागे छतापासून जमिनीपर्यंत सोडला. लाल, जाडजूड, हत्ती लपेल असा. मागच्या दाराच्या फटीत तिनं चिंध्यांची गुंडाळी घट्ट ठोकली. वाऱ्याची झुळूक म्हणून आत येणार नाही, असं ती मला समाधानानं सांगत होती.

तरी गारठा होताच. त्यानं विचारलं, "बादलीत थोडा विस्तव करू का? बदामाची लाकडं मिळतात मला मळ्यावर."

"अजिबात नाही," ती म्हणाली. "इथं सगळा कागद आणि मखमल. एक ठिणगी उडाली तर तुझ्यासकट अख्खी ओळ जळेल. मेणबत्ती पुरे, लाकडांची ज्वाळा आत आणायची नाही, कळलं?"

"कळलं, दोन्या."

तो शब्दाचा पक्का होता. त्यानं ज्वाळा आत आणली नाही. मागच्या बोळात बादलीत लाकडं पेटवली, ती जळून लालभडक निखारे झाले, धूर पुरता संपला, तेव्हा ती बादली उचलून आत नेली आणि दार लावून घेतलं. ठिणगी नाही, ज्वाळा नाही. बदामाच्या लाकडाचा निखारा फार वेळ टिकतो.

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी फेरी आली, धुक्यात गुरफटलेली चांगली वीसेक माणसं. नाताळ तोंडावर म्हणून पॅट्रिशियानं देओलिंदालाही बोलावलं होतं, पाहुण्यांनी काही विचारलं तर सांगायला. मी गरम पावाची परात घेऊन त्यांच्यात फिरत होतो. फेरी कोहलरच्या खिडकीपाशी थांबली.

एका बाईनं काचेवरचा ओलावा पुसला. "अय्या, तो बूट बघा! किती खरा वाटतो."

पडद्याच्या खालच्या कडेतून एक कामाचा बूट बाहेर आला होता. टाच काचेकडे, तळ झिजलेला, शिवणीत सुकलेला चिखल. मांडलेल्या चकचकीत जोडांमध्ये तो आडवा पडला होता. दोघा-तिघांनी फोटो काढले. फेरी घेणारा पोरगा, त्याला काय ठाऊक, म्हणाला, "या गावाला ज्यांनी वाढवलं त्या शेतमजुरांची ही आठवण."

मी देओलिंदाकडे बघितलं. ती काचेपासून एक पाऊल मागे सरली. तो बूट तिनं मांडलेला नव्हता.

ती धावली नाही. वळून बोळाकडे चालायला लागली, मी परात टाकून तिच्यामागे. दार चिंध्यांनी आतून घट्ट बसलेलं. मी खांदा मारला, चिंध्या मागे सरकल्या, दार उघडलं. आत ऊब होती. ती ऊब मला अजून सहन होत नाही. वास असा काही नव्हता. तो पडद्याशी पालथा पडला होता, एक हात मखमलीत रुतलेला. त्याला जाग आली असावी, डोकं जड झालं असावं, आणि दार समजून तो पडद्याकडे सरपटत गेला असावा; निजताना काढलेला एक बूट त्याच धडपडीत पडद्याखालून पलीकडे ढकलला गेला. देओलिंदा त्याच्याजवळ खाली बसली. त्याची टोपी शोधून तिनं त्याच्या डोक्यावर नीट घातली. काचेच्या पलीकडे माणसांच्या सावल्या हलत होत्या, हसण्याचा आवाज येत होता.

पोलीस आले, कोंडलेल्या निखाऱ्यांच्या वायूनं गेला म्हणाले, गेले. दुपारी पॅट्रिशिया बेकरीत आली, डोळे सुजलेले. ती काही वाईट बाई नाही. "देओलिंदा, कडी मोडून कोणीतरी बेघर माणूस आत शिरला, असं कागदावर आहे. ते तसंच राहू द्या."

"कडी मोडलेली नव्हती. किल्ली मी दिली."

"मला ऐकायचं नाही ते."

"पडदा मी लावला. फटी मी बुजवल्या. विस्तव आणू नको असं सांगितलं, आणि हवेचं सांगायचं मला सुचलं नाही."

"मला ऐकायचं नाहीये हो," पॅट्रिशिया कानांवर हात ठेवून म्हणाली. "ऐकलं तर मला काहीतरी करावं लागेल."

देओलिंदा पोलीस ठाण्यात जाऊनही बोलून आली. तिथल्या जमादारानं तिला पाणी दिलं आणि घरी सोडलं. तिला शिक्षा हवी होती. ती द्यायला कुणी तयार होईना.

सेफेरिनोची भाची एलोइसा सालिनासहून आली. दोन मुलं गाडीत झोपलेली. मला वाटलं, ही तरी ओरडेल. देओलिंदानं तिला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. एलोइसानं बेकरीच्या काचेतून गाडीतल्या मुलांकडे बघून घेतलं.

"उन्हाळ्यात मामाचा फोन आला होता," ती म्हणाली. "खोली गेली म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे जागा नाही. खरंच नव्हती. तुम्ही ठेवून घेतलंत, आणि मी तुम्हाला काय बोलू?" मग दारातून मागे वळून ती म्हणाली, "पण मला तुमचं तोंड पुन्हा बघायचं नाही."

देओलिंदानं मान हलवली.

नाताळ झाल्यावर एका सकाळी ती शिडी घेऊन आली आणि एकेक खिडकी उतरवायला लागली. नवरीचा पोशाख, वेल, बूट, पट्टी, पडदा. पुतळ्यांशी बोलताना तिला कुणी पाहिलं नाही. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू पाव बघ, मनुएल. जळतोय." संध्याकाळपर्यंत रस्ता होता तसा उघडावाघडा झाला. नगरपालिकेनं मग काचांवर छापील चित्रं चिकटवली. त्यांना कुणाची गरज लागत नाही.

ब्रिस्टल हॉटेल नवं झालं. पाहुणे येतात, चांगलं चाललंय. कोहलरच्या जागी वाइनचं दुकान आहे, लोक हातात पेले घेऊन विटांच्या भिंतींचं कौतुक करतात. देओलिंदानं घरातले सगळे पडदे काढून टाकले होते. ऐन धुक्यातही ती खिडकी उघडी ठेवून निजायची. दर हिवाळ्यात छाती भरायची, मी ओरडायचो.

"तीया, मरशील अशानं!"

"बंद करून मरण्यापेक्षा बरं."

एवढंच. त्याचं नाव तिनं पुन्हा माझ्यासमोर घेतलं नाही, आणि मेन स्ट्रीटवर पाय ठेवला नाही. भाजीला ती हायवेवरच्या दुकानात जायची, जिथल्या विजेच्या उजेडाला ती एके काळी शिव्या द्यायची. माझ्याकडचा पाव तिच्या घरी मी पोचवायचो.

गेल्या फेब्रुवारीत छातीचं दुखणं फुप्फुसात उतरलं आणि ती गेली. चर्चपासून आमच्या दफनभूमीचा रस्ता मेन स्ट्रीटवरूनच जातो. आमच्या माणसांची शेवटची यात्रा कायम तिथूनच गेलेली आहे. त्या दिवशी शनिवार होता, फेरी चालू होती. मी पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. त्याला म्हटलं, बाबा रे, कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं घे. लांब पडेल, चिखल लागेल, पण तिकडूनच घे. त्यानं कारण विचारलं नाही. दोन्ही बाजूंना छाटलेल्या द्राक्षांच्या वेली उभ्या होत्या आणि आमच्या मागून गाड्यांची रांग सावकाश येत होती.