दातांत दोरा, ओठांत इंग्रजी

काजवाल्या काकूंना स्वप्नं पडायची ती दिवसाउजेडी, हातात सुई असताना. शिंप्यांच्या दुकानांतून शर्ट आणि कोट त्यांच्याकडे गठ्ठ्यांनी यायचे. बाकी सगळं शिवून झालेलं, फक्त काजं आणि बटणं राहिलेली. खिडकीपाशी ठेंगण्या स्टुलावर बसून काकू काजाच्या रेघेभोवती बारीक धावदोरा घालत, कात्रीच्या टोकाने कापड चिरत आणि मग त्या चिरेच्या कडेने एकेक टाका असा बसवत की वाटावं, कापडाला तिथे पापणी फुटलीय. दोरा दातांत धरायची त्यांना सवय. त्यामुळे दिवसभर त्या बोलत ते दातांतल्या दातांतच, आणि बरंचसं स्वतःशीच.

दुसऱ्या कोणाशी बोलणार? मुलगा जहाजावर. त्याने लग्न करून आणलेली मुलगी फार लांबची, वेगळ्या भाषेची. तो घरी असला की दोघींच्या मधे बसून इकडचं तिकडे करायचा. तो गेला की घर मुकं. सूनबाईला मराठीतला ‘आई’ एवढा एकच शब्द पक्का येत होता, पण त्यात ती काय काय कोंबायची! ‘आई?’ म्हणजे चहा टाकू का. ‘आई!’ म्हणजे दूध उतू चाललंय. आणि ‘आई…’ असं लांबवलं, की काकू समजायच्या, आज पोरीला करमत नाहीये. मग त्या शेजारी जाऊन बसत आणि तिच्या झग्याची शिवण उगाचच तपासत.

अशातच सूनबाईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिने फोनवरचा नकाशा काढून बोट इथून तिथे नेलं. बोट बराच वेळ चालत राहिलं. काकू हसल्या, मान हलवली आणि आत जाऊन एका कोटाचं काज चुकीच्या बाजूला चिरून बसल्या. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

“गेली की गेली म्हणून समज,” धाकटी बहीण म्हणाली. तिला कुठलीही बातमी गोड करून सांगता येत नसे. “नवरा पाण्यावर, नोकरी तिकडे. तुझी काजं बघायला कशाला येतेय परत? तोंड उघड आणि थांब म्हण.”

“कुठल्या तोंडाने म्हणू? तिला कळेल असं तोंड आहे का माझ्याकडे?”

“इंग्रजी कळतं ना तिला?”

“तिला कळतं गं. मला?”

म्हणून काकू, केस पांढरे झाल्यावर, शाळेतून निवृत्त झालेल्या, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंकडे दुपारी इंग्रजी शिकायला जाऊ लागल्या. बाईंनी त्यांना ए फॉर अ‍ॅपलमध्ये अडकवलं नाही. त्यांनी सरळ वाक्याचे साचे दिले. आय अ‍ॅम ग्लॅड दॅट, म्हणजे मला आनंद आहे की. आय अ‍ॅम सॉरी दॅट, मला वाईट वाटतं की. इट इज नॅचरल दॅट, हे साहजिकच आहे की. पुढे माणूस, त्याच्यापुढे शुड नाहीतर माइट, आणि मग गोष्ट.

“शुड कळलं,” काकू म्हणाल्या. “माइट म्हणजे?”

“कदाचित. होईल, नाही होईल. देव जाणे.”

“मग सगळीकडे माइटच लावावं की बाई.”

बाई हसल्या. “लक्षात एवढंच ठेवा, आधी मन सांगायचं, मग गोष्ट.”

हे मात्र काकूंना जड गेलं. त्यांचा जन्म नुसती गोष्ट सांगण्यात गेला होता. जेवलास का. पोचलास का. स्वेटर घाल. मन त्यातच कुठेतरी शिवलेलं असायचं, अस्तरासारखं; ते असं उलटून वर दाखवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पण गंमत अशी की सुई हातात आली की ते जमायचं. काजाच्या एका कडेला ‘आय अ‍ॅम ग्लॅड दॅट’, वळणावर शुड, आणि दुसऱ्या कडेला उरलेलं. खिडकीतून येणारं ऊन कापडावरून सरकत जायचं, पलीकडच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानातून वाफ वर चढायची आणि काकूंच्या ओठांतून वाक्यं त्या वाफेत विरघळून जायची. इट इज स्ट्रेंज दॅट ही शुड लिव्ह ऑन वॉटर. नवल आहे, माझ्या मुलाने पाण्यावर राहावं. मग समोरचा निळा शर्टच समुद्र व्हायचा, बटणं त्यावर होड्यांसारखी तरंगायची आणि काकू स्टुलावर बसल्या बसल्या कुठल्या कुठे निघून जायच्या.

बाईंसमोर मात्र शब्द फुटायचा नाही. हात रिकामे, दातांत काही नाही. जीभ नुसती इकडून तिकडे भटकायची.

“काकू,” बाई शेवटी म्हणाल्या, “तुमचं इंग्रजी दोऱ्याला बांधलंय. सुई आणत जा.”

जायच्या आदल्या दिवशी सूनबाई बॅग भरत होती. काकू दारात उभ्या. मोकळ्या हातांनी त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पोरगी बघतच राहिली. “आई?”

काकूंनी खुंटीवरचा तिचा प्रवासाचा कोट उचलला, एक धडधाकट बटण चक्क उसवून काढलं आणि स्टूल ओढून बसल्या. सुई ओवली. दोरा दातांत धरला. आता ‘थांब’ म्हणायचं होतं. त्याचं वाक्य त्यांनी कितीतरी काजांवर घोटलं होतं. पण पहिला टाका घातला आणि भलतंच मन वर आलं.

“आय अ‍ॅम अफ्रेड,” काकू म्हणाल्या. मला भीती वाटते. एवढं त्या आजवर कोणाला बोलल्या नव्हत्या, मराठीतसुद्धा. दुसरा टाका. “दॅट यू माइट नॉट कम बॅक.”

सूनबाई हातातली घडी टाकून त्यांच्या पायाशी येऊन बसली. आणि मग ती बोलू लागली. आधी हसत, मग रडत, मग नाक पुसून पुन्हा हसत. धबधबा नुसता. काकूंना त्यातलं काही म्हणजे काही कळेना. बोलण्याचा सराव त्यांनी केला होता. ऐकण्याचा करायचा राहिला होता! तरी त्यांनी तिचं बोलणं थांबवलं नाही. गाणं ऐकावं तसं ऐकलं, मान हलवली आणि बटण शिवत राहिल्या. ते झाल्यावर उरलेलीही एकेक उसवून नव्याने घट्ट केली, कारण पोरगी उठत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गेली. भर उन्हात कोटाची सगळी बटणं लावून गेली.

काकू दुपारी बाईंकडे आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, “बोलायचं पुरे झालं बाई. आता समोरची बोलते ते कळायचं शिकवा.”

“काय म्हणाली ती?”

“मला कळलं असतं तर आले असते का?” काकू बसल्या, पिशवीतून सुईदोरा काढला. “पण शेवटी शेवटी एकच पुन्हा पुन्हा म्हणाली. कानात बसलंय.” आणि दोरा दातांत धरून, डोळे मिटून, तिच्याच चढउतारांत त्यांनी म्हणून दाखवलं, “आय विल फाइंड अ रूम बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस.”

काकूंनी एक डोळा उघडला. “रूम मला कळलं. खोली. खोलीचं काय?”

“बघणार आहे म्हणते. दोघींना पुरेल एवढी.”

“दोघी म्हणजे, ती आणि कोण?”

“काकू!”

काकूंनी दातांतला दोरा काढला. तो बोटाभोवती गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. खाली रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“मग खिडकी आहे का विचारायला हवं,” त्या म्हणाल्या. “काजाला उजेड लागतो. ते कसं म्हणायचं, सांगा बरं.”