‘येतो’ म्हणायचं असतं

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या ह्यांना मात्र कळेनासं झालं होतं. अग्निशमन दलात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. शेवटी तांडेल झाले होते, म्हणजे गाडीवरच्या जवानांचे म्होरके. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं उरली असताना हे सुरू झालं. चपला घालायच्या आणि चालू लागायचं. मी शिलाई मशीनवरून ओरडायचे, ‘‘अहो, तोंडाला कुलूप घातलंय का?’’ त्यावर जिन्यात फक्त पावलं वाजायची.

मी तोंडाची फटकळ आहे, नारायण पेठेत कुणालाही विचारा. ब्लाउज वेळेवर देते म्हणून लोक ऐकून घेतात.

परत यायचे ते पिऊन. मी दारातच अडवायचे. ‘‘हा करा.’’ ते निमूट तोंड उघडायचे, मी वास घ्यायचे, आणि वास असायचाच. पुढे मी जे बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावर कुणी लोखंड कापायला लागलं की हे मोरीत जाऊन कडी लावून बसायचे, तेही मी नाटकातच जमा करायचे. एकदा म्हटलं, ‘‘निवृत्त झालात आणि माज चढला तुम्हाला.’’ तो शब्द मला अजून टोचतो.

एका दुपारी खडकीहून फौजेतले एक निवृत्त हवालदार बायकोचे ब्लाउज न्यायला आले. हे कॉटवर आडवेतिडवे पडलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, ‘‘पित्त झालंय हो त्यांना.’’

हवालदार हसले. ‘‘वहिनी, मला दहा वर्षं हेच पित्त होतं.’’

मग स्टूल ओढून ते ह्यांच्या उशाशी बसले. उपदेश नाही, काही नाही. म्हणाले, ‘‘शनिवारी संध्याकाळी आम्ही एका शाळेच्या वर्गात जमतो. फौजेतले आहेत, पोलीस आहेत, एक ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आहे. बोलायची सक्ती नाही. चहा बरा असतो.’’

आधी त्यांनी ह्यांना डॉक्टरकडे नेलं. एकदम सोडली तर अंगाशी येतं, म्हणाले. मग शनिवार सुरू झाले. मध्ये एकदा हे घसरले तेव्हा मी बोंब ठोकली, सगळं मुसळ केरात म्हणून. हवालदार फोनवर म्हणाले, ‘‘पुढचा शनिवार आहेच की वहिनी.’’ तिथपासून पुन्हा पहिला दिवस मोजला.

न पिता वर्ष पूर्ण झालं की तिथे वाढदिवस करतात आणि घरच्यांना बोलावतात. मी पेढे घेऊन गेले. पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली ती आडदांड माणसं बघून मला हसूच फुटलं. तेवढ्यात हे उभे राहिले.

म्हणाले, ‘‘एक भिंत पडली होती. खाली एक काका कमरेपर्यंत अडकलेले. मी त्यांचा हात धरून बसलो होतो, पाणी पाजत होतो. लोखंड कापायचा कटर कोपऱ्यावर आला. तो आणायला मी उठलो, तर ते हात सोडेनात. म्हटलं, काका, आलोच. चार मिनिटं लागली असतील. परत आलो तर ते गेले होते. हात तसाच पुढे केलेला होता. तेव्हापासून घरातून निघताना मला ‘येतो’ म्हणता येत नाही. बायको चिडते. तिचंही बरोबर आहे.’’

तिचंही बरोबर आहे म्हणे! मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर रागही आला. बाकांवरच्या परक्या माणसांना सांगितलं, आणि मी इतकी वर्षं दारात उभी राहून वास घेत बसले.

परतताना नदीच्या पुलावर मी विचारलंच, ‘‘मला का नाही सांगितलंत?’’

‘‘घरात आणलं असतं तर ते घरातच राहिलं असतं.’’

‘‘राहू दे की! तुमचं ते काळं पडलेलं हेल्मेट नाही का माळ्यावर राहिलंय?’’ असं म्हणता म्हणता मीच पुलावर रडायला लागले. ह्यांनी पेढ्यांचा उरलेला पुडा माझ्या हातातून घेतला.

त्या दिवसापासून मी एक केलं. त्यांनी ‘येतो’ म्हणायची वाट बघणं सोडून दिलं. ते चपला घालायला लागले की मीच म्हणायचे, ‘‘या.’’ ते मान हलवून जायचे. ‘हा करा’ही बंद केलं. सोपं नव्हतं, नाक आपोआप पुढे व्हायचं.

मग गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी, जेवण उरकत असताना, हवालदारांचा फोन आला. बायको गावाला गेलेली. पुतण्याच्या लग्नाला म्हणून त्यांनी कॅन्टीनची रम आणून ठेवली होती. फौजीच्या नातेवाइकांना त्याच्या कोट्याची फार आठवण येते. ‘‘समोर आहे,’’ एवढंच ते म्हणाले. ‘‘अजून उघडली नाही.’’

हे हात धुऊन उठले. माझा नवरा सोळा महिन्यांनी बाटली असलेल्या घरात निघाला होता. मी म्हटलं, ‘‘मी येऊ बरोबर?’’

‘‘नको. त्याला लाज वाटेल.’’

त्यांनी चपला घातल्या. मी ‘या’ म्हणायला हवं होतं, पण मनात नुसतं ‘नका जाऊ’ होतं. ते उंबऱ्यावर थांबले, माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘आलोच.’’

आणि खाली उतरले.

पुढचे चार तास मी काय केलं म्हणाल, तर एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. उसवल्या, पुन्हा उलट्याच लावल्या. फोन करायचा नाही, असं ठरवून फोनकडे बघत बसले. तो भिंतीखालचा माणूस सारखा डोळ्यांपुढे येत होता. त्याचीसुद्धा चार मिनिटं अशीच गेली असतील.

साडेपाचला जिन्यात पावलं वाजली. दोन माणसांची. मी धावत जाऊन दार उघडलं. पुढे हे, मागे रडून डोळे सुजलेले हवालदार. बाटलीला हात लावायची दोघांनाही हिंमत होईना, म्हणून शेजारच्या काकूंना बोलावून मोरीत ओतायला लावली होती.

ह्यांनी जुन्या सवयीने तोंड उघडलं.

‘‘मिटा ते,’’ मी म्हटलं. जीभ काही गप्प बसेना. ‘‘आलोच म्हणून गेलात, त्याला चार तास झाले!’’

‘‘पण आलो ना,’’ ते म्हणाले. ‘‘आलो ना गं मी?’’

‘‘आलात,’’ मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरून आत घेतलं. हवालदार जिन्यातच उभे होते. मी त्यांनाही म्हटलं, या.