कप्तानाचा नांगर

माझ्या धाकट्या दिराला सगळा किनारा कप्तान म्हणतो. तो कधी कशाचाच कप्तान नव्हता. समुद्रात गुडघ्याच्या वर गेलेला मी त्याला पाहिलेला नाही. कुठल्याशा जहाजावरच्या माणसाची पांढरी टोपी वाहत वाहत वाळूला लागली होती, ती याला सापडली. त्याने ती वाळवून डोक्यावर घातली आणि त्या दिवसापासून त्याची पाठ दुखायला लागली. तोंडावर मी त्याला भावोजी म्हणते, अहो-जाहो करते. इथे तरी मला त्याला 'तो' म्हणू द्या.

होडी त्याच्या बायकोची, म्हणजे माझ्या धाकट्या जावेची. तिच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. ते गेले, आणि तशी लाकडी होडी बांधणारं आता इकडे कुणी उरलं नाही. धाकटी सकाळी ती होडी पाण्यात लोटते, खेकड्यांचे पिंजरे उपसून आणते, खेकडे विकते, घरी येऊन चूल पेटवते. होडी गेली तर चूल विझली, हे त्या घरात लहान पोरालाही कळतं. नवी होडी घेण्याइतकं त्या घरात कधी साठणार नाही, कारण घरात कप्तान आहे.

कप्तानाकडे काम एकच. होडी वाळूवर ओढून घेतली की ती नांगराला बांधायची आणि तो नांगर धड आहे ना ते बघायचं. बारक्या होडीला इथे लोखंडी नांगर कुणी लावत नाही, मऊ वाळूतून तो भातातून चमचा ओढावा तसा निघून येतो. इथे फळी पुरतात. जाड फळीच्या मधोमध दोर बांधायचा, ओली वाळू लागेपर्यंत खड्डा खणायचा, फळी त्यात आडवी घालायची, दोराला होडीकडे तिरपी वाट करून द्यायची, आणि वाळू लोटून पायांनी तुडवायची. मग होडीने कितीही हिसके दिले तरी अख्ख्या वाळूचा भार फळीवर असतो. पण किनारा काही एका जागी राहत नाही, पाणी वर वर सरकतं. त्यामुळे अधूनमधून फळी उकरून काढायची आणि वरच्या अंगाला नव्याने पुरायची. कंबर मोडणारं काम आहे. कप्तान ते करतो म्हणून धाकटी आजवर पहिलं ताट त्याला वाढत आली.

एकदा ती म्हणाली, "अहो, आज मी पुरते फळी. तुमची पाठ दुखतेय ना."

"नांगर हे पुरुषाचं काम," कप्तान म्हणाला. "बाईच्या हातचा नांगर वाळू धरत नाही."

मी तिथेच पिंजऱ्यांच्या दोऱ्या सोडवत बसले होते. मी विचारलं, "का हो भावोजी, वाळूला कसं कळतं कुणाचा हात ते?"

"वहिनी, ते समुद्राचं शास्त्र आहे. तुम्हाला नाही समजायचं."

हे शास्त्र तो खुर्चीत बसून सांगायचा. खुर्चीही त्याची नाही. माझ्या सासऱ्यांची सागवानी आरामखुर्ची, घडीची, पाठीला रुंद फळ्यांची, वाटणीत आमच्याकडे आलेली. पाठीला आराम पडतो म्हणून चार दिवस मागून नेली. माझ्या थोरल्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, ते चार दिवस काही संपले नाहीत. रोज ती खुर्ची वाळूवर यायची, धाकटी वाहून आणायची, आणि कप्तान तिच्यात पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याला होडी कशी बांधावी ते शिकवायचा. सुट्टीला येणारे हौशी लोक त्याच्याभोवती उभे राहून ऐकायचे. फळी आडवी, दोर मधोमध, खड्डा ओल्या वाळूपर्यंत. शब्दाला शब्द बरोबर. बोलण्यात तो कधीच चुकला नाही, तेवढं मी त्याला देते.

धाकटीलाही त्याचा अभिमान होता. मी काही टोमणा मारला की म्हणायची, "ताई, बाकी काही म्हणा. नांगराच्या बाबतीत यांचा हात कुणी धरणार नाही."

बाईला नवऱ्याचं एखादं तरी कौतुक असावं, नाहीतर दिवस कसे जायचे.

मागच्या अमावास्येला उधाणाची भरती होती. दुपारी वारा फिरला. आम्ही दोघी होडीजवळ पिंजरे धूत होतो, जाळी विणणारा म्हातारा पलीकडे सुई चालवत बसला होता, आणि कप्तान खुर्चीत. पाणी होडीच्या मागच्या अंगाला लागलं, मग मधोमध आलं, आणि होडी उचलली गेली. धाकटीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. नांगर होता ना.

एक मोठी लाट आली, परत फिरताना होडीला घेऊन निघाली, दोर ताठ झाला. आणि वाळूतला तो ढिगारा, कप्तानाने थोपटून गोल केलेला, वर शंख मांडलेला, भसकन फुटला. दोर बाहेर आला. त्याच्या टोकाला फळी नव्हती. एक गाठ होती. उंदराच्या शेपटीसारखा तो दोर आमच्या डोळ्यांदेखत पाण्याकडे सरपटत निघाला.

धाकटीने झडप घालून तो पकडला. मी तिच्या मागे. म्हातारा सुई टाकून धावत आला. तिघं टाचा रोवून वाळूत बसलो, तरी प्रत्येक लाटेला घसरत होतो.

"अहो, फळी कुठे आहे?" धाकटी ओरडली.

"असेल तिथेच," कप्तान म्हणाला.

"तिथे म्हणजे कुठे?"

त्याने पाण्याकडे हात केला. मग मला समजलं. फळी खाली, जुन्या जागीच राहिली होती. ती उकरून वर आणायची म्हणजे घाम गाळायचा. त्यापेक्षा याने दोर कापला, टोकाला गाठ मारली, गाठ वीतभर वाळूत खुपसली आणि ढिगारा छान थोपटला. मी स्वतः तो ढिगारा पाहून म्हटलं होतं, भावोजी, काम नेटकं केलंत हो.

"वाळू बदललीय," कप्तान म्हणाला. "पूर्वी अशी नव्हती." तोवर तो उभा राहिला होता. दोर धरायला नव्हे. वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

धाकटीने दोर माझ्या हातात दिला. "ताई, सोडू नका." आणि नवऱ्याला म्हणाली, "खुर्ची द्या."

"अगं, ही काय बसायची वेळ आहे?"

ती धावत खुर्चीपाशी गेली. खुर्ची उचलली, घडी करून सपाट केली, दोराचं टोक पाठीच्या फळ्यांतून ओवून मधोमध आवळलं आणि वरच्या कोरड्या वाळूत होडीतलं पाणी उपसायच्या डब्याने खणायला लागली. मी आयुष्यात इतकं भराभर कुणी खणताना पाहिलेलं नाही. म्हातारा दात आवळून मला सांगत होता, "आजीबाई, टाच रोवा, टाच." मी म्हटलं, "टाच रोवूनच बसलेय, तुम्ही तुमचं बघा." ओली वाळू लागली तशी तिने खुर्ची आडवी घातली, दोराला वाट केली, वाळू लोटली आणि वर नाचल्यासारखी तुडवायला लागली.

"माझी पाठ," कप्तान म्हणाला.

"सोडा," धाकटी आम्हाला म्हणाली.

आम्ही सोडला. होडीने हिसका दिला, वाळूखालून करकर आवाज आला, आणि दोर ताठ उभा राहिला. पुढची लाट आली, गेली. होडी जागची हलली नाही. सासऱ्यांची खुर्ची त्या घरात पहिल्यांदा काही कामाला आली.

पाणी उतरल्यावर कप्तान कमरेवर हात ठेवून त्या जागेभोवती फिरला. धाकटी होडीच्या कडा पुसत होती, एकेक फळी बोटांनी चाचपून बघत होती.

"आता खुर्ची काढायची ना?" त्याने विचारलं.

"काढा की," ती म्हणाली. "घरून फावडं आणून ठेवलंय, ते बघा तिथे."

त्याने फावड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

खुर्ची अजून वाळूतच आहे. होडी तिलाच बांधलेली असते, आणि जागा बदलायची झाली की धाकटी स्वतः उकरते, स्वतः पुरते. पहिलं ताट आता तिचं असतं. कप्तान मासळीच्या पालथ्या खोक्यावर बसतो, ते डुगडुगतं. परवा सुट्टीवाले आले होते. तो त्यांना सांगत होता, "फळीबिळी काही नको. आरामखुर्ची पुरायची. आणि खुर्ची सागवानीच लागते बरं का, हे मी अनुभवाने सांगतो."

ते बिचारे मान डोलावत होते. मी माझ्या दोऱ्या सोडवत बसले.