गरम भातावर जवसाचं तेल

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही. म्हणून सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली तेव्हा मी आधी डॉक्टरांवरच चिडले. रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा तरी असेल, म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत, आणि तिथेच मी घाबरले.

भीतीला कारण होतं. यांचे थोरले भाऊ करडी गावी धानाची, म्हणजे भाताची, शेती करायचे. तेही न पिणारे. वर्षभरात पोट पाण्याने फुगलं, डोळे पिवळे झाले आणि माणूस गेला. मयतीला आलेले लोक कुजबुजत होते, चोरून पीत असेल म्हणून. आता त्याच घरातल्या दुसऱ्या भावाचा नंबर लागला, असं माझ्या मनाने घेतलं ते घेतलंच.

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये. डॉक्टरांनी बरंच सांगितलं: चाला, वजन उतरवा, तळलेलं सोडा, आणि रोजच्या तेलातलं थोडं कमी करून जवस घ्या. मी त्यातलं 'जवस' तेवढं ऐकलं. ते तर माझ्या माहेरचं! दिघोरीला आई कापणीआधी उभ्या धानातच जवस फेकायची, धान निघालं की बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, ओलीवर ते वाढायचं. मी फोन केला आणि आईने तेलघाण्यावरचं डबाभर तेल पाठवलं.

गरम भातावर कच्चं तेल, मीठ आणि तिखट, ही आमच्याकडची आवडती गोष्ट. मी दोन्ही वेळा ताटात भाताचा ढीग घालून वर तेलाची धार सोडायची. तेल उरलं की त्यावर भात, भात कोरडा लागला की पुन्हा तेल. हे नको म्हणाले तर मीच म्हणायची, "घ्या नं, दवाईच आहे हे." त्यांना पोटभर जेवताना पाहिलं की माझी भीती तेवढ्यापुरती पळायची. किती शहाणी होते मी!

तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. चरबी वाढली होती.

"जेवणात काय काय असतं?" डॉक्टरांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, जवसातली चरबी यकृताला नवी चरबी बनवायला आवर घालते, असलेली जाळायला लावते. पण भात गरजेपेक्षा जास्त झाला की यकृत त्याचीच चरबी करून ठेवतं. आणि तेल शेवटी तेलच. चमचाभर, तेही दुसऱ्या तेलाच्या बदली घ्यायचं होतं. तुम्ही सगळ्याच्या वर ओतलं."

घरी येईपर्यंत हे माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले. मला वाटलं, रागावले. रागावण्यासारखंच होतं. दिरांना कोणी असं प्रेमाने वाढलं असेल का, हा विचार डोक्यात शिरला तो निघेचना. सकाळी हे दाढी करायला उजेडात उभे राहिले की मी काहीतरी निमित्त काढून जवळ जायची आणि त्यांच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधायची. शर्टाचं बटण ताणलेलं दिसलं तरी जीव खालीवर व्हायचा.

तरी भात कमी करणं मला जमेना. आमच्या भागात जेवणाऱ्या माणसाला भात नाही म्हणणं म्हणजे त्याला ताटावरून उठवणंच. मी कमी शिजवायची, हे मागायचे, मी परत कुकर लावायची. मागितल्यावर हात आपोआप पुढे जायचा.

एका रविवारी दुपारी त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. माझ्या हातात भरलेला डाव होता, आणि भाताचं पातेलं, आमचा गंज, त्यांच्या समोरच.

"नाही," मी म्हटलं. आवाज माझाच मला ओळखू आला नाही. "आता नाही वाढत."

त्यांचं ताट तसंच पुढे राहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि मी त्यांना पहिल्यांदा भात नाकारला होता. आता ताट भिरकावतील, नाहीतर न बोलता उठून जातील, असं वाटून मी मान खाली घातली.

"नोको वाढू," ते म्हणाले. "पण तो गंज माह्या समोरून उचलून ने. मले दिसला का मी मांगतो. आन् मांगितल्यावर भाऊ आठवते, लय भेव लागते मले."

मी भाताचा गंज उचलला. तो आत नेऊन ठेवेपर्यंत ते डोळे मिटून बसले होते.