ब तुकडीपासून लपवलेले व्हिडिओ

पीएचडीला मी विषय घेतला उलट्या वर्गाचा, म्हणजे फ्लिप्ड क्लासरूमचा. धडा मुलांनी घरी व्हिडिओवर बघायचा आणि वर्गात नुसते प्रश्न, प्रयोग, चर्चा. माझ्या पवनानगरच्या शाळेत आठवीच्या अ तुकडीला माझे व्हिडिओ, ब तुकडीला नेहमीचा खडू-फळा, आणि शेवटी दोन्हींच्या मार्कांची तुलना. गाइड सरांनी बजावलं होतं, "ब तुकडीपर्यंत एक जरी व्हिडिओ पोचला, तरी केलंसवरलं सगळं पाण्यात." मग मी अ तुकडीला दम भरला, कुणाला दाखवलात तर याद राखा! दम भरणं मला छान जमतं.

व्हिडिओ मी पहाटे करायचे, वलवणच्या आमच्या घरात. सगळे झोपलेले, खिडकीला धुकं टेकलेलं. कुणी उठू नये म्हणून अगदी हळू बोलायचे.

थंडीतली एक संध्याकाळ. स्कूटी पंक्चर झाली म्हणून पवनानगरहून वडापच्या, सीटमागे पैसे घेऊन माणसं कोंबणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसले, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. दिवसभर ओरडून घसा बसला होता. बाहेर धरणाचं पाणी उन्हानं पिवळं झालेलं, जीप डुलत चाललेली. माझा डोळा लागला. आणि झोपेतच कुणीतरी मला घनता शिकवू लागलं. किती मायेनं बोलतेय ही, मला वाटलं. अशी बाई लहानपणी आपल्याला मिळाली असती तर! मग एकदम लक्षात आलं, अगं बाई, ही तर मीच की!

डोळे उघडले. जीपवाल्याची मुलगी अ तुकडीत होती. घरात फोन एकच, तोही त्याचा आणि दिवसभर गाडीत. म्हणून ती बिचारी जाता-येता बापाशेजारी बसून धडा बघायची. आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती माझी अर्धी ब तुकडी.

माझं डोकंच फिरलं. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ब तुकडीतली एक पोरगी म्हणाली, "थांबीव गं. मागं घे. परत ऐकू."

तीनदा मागं घेतलं त्यांनी. मग लोखंडी बोट बुडत कशी न्हाई, यावरून जुंपली. जीपवालाही भांडला, माझ्या शेजारच्या मावशीही भांडल्या. वर्गात हीच ब तुकडी तोंडाला कुलूप लावून बसते.

"उद्या बाईंना इचार की," जीपवाला म्हणाला.

"नगं काका, त्या बाई लय वरडत्यात," पोरगी म्हणाली. "ह्या फोनातल्या बऱ्या. कितीबी येळा सांगत्यात."

सगळी खो खो हसली. मी स्कार्फ आणखी वर ओढला.

उतरल्याबरोबर सरांना फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, तुलना गेली, आता दुसरी शाळा बघा आणि पहिल्यापासून सुरू करा. चार वर्षांचं काम होतं ते! घरी पोचले आणि दारातच बसून रडले.

"अगं, होईल पुन्हा पीएचडी," सासूबाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या.

"पीएचडीचं नाही हो, आई," मी म्हटलं. बावीस वर्षं मी पोरांसमोर उभी राहतेय, आणि त्यांना मी आवडले ती मी समोर नसताना.